मालवाहू जहाजाने हॅम्बुर्ग ते सिंगापूर : माझा अनुभव

मालवाहू जहाजावर तिकीट काढून जाता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. आंतरराष्ट्रीय नियम असा की बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले तर ते प्रवासी जहाज ठरतं आणि त्याला सुरक्षेचे वेगळे, कडक नियम लागतात. म्हणून कंटेनर जहाजं फार तर बारा प्रवासी घेतात. प्रत्यक्षात दोन-चारच असतात. आमच्या जहाजावर मी आणि एक निवृत्त जोडपं, बाकी सगळे काम करणारे. कोविडच्या आधीची ही गोष्ट.

बुकिंग अशा प्रवासाचंच काम करणाऱ्या एजंटकडून झालं. खरा वेळ गेला तो कागदपत्रांत. या जहाजांवर डॉक्टर नसतो. औषधोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला एक अधिकारी असतो, आणि गरज पडली तर तो किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. जवळचं बंदर कित्येकदा दिवसांच्या अंतरावर असतं. त्यामुळे डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं, वयाची अट असते (साधारण पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे घेत नाहीत), आणि जहाजात चढउताराचे जिने स्वतःच्या पायांनी चढता आले पाहिजेत. विमाही नेहमीचा चालत नाही. आजारी प्रवाशाला उतरवण्यासाठी जहाजाला वाट वाकडी करावी लागली तर तो खर्च विम्यात धरलेला हवा. मी विमा कंपनीकडून हे लेखी घेतलं. तोंडी आश्वासनावर यात अजिबात विसंबू नये.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे व्हिसा आणि तारखा यांची सांगड. सुटण्याची तारीख महिनाभर आधी कळते ती अंदाजानेच. आधीच्या बंदरात क्रेन मोकळी नसली किंवा वादळ आलं की सगळं पुढे ढकललं जातं. माझीही तारीख सरकत राहिली. व्हिसाचे दिवस मात्र सरकत नाहीत. एजंटने आधीच बजावलं होतं की पुढेमागे भरपूर दिवस हाताशी ठेवून अर्ज कर, आणि वाटेत रॉटरडॅम, ल हाव्र अशी आणखी बंदरं लागणार म्हणून तिथला मुक्कामही त्यात मोज. तो सल्ला सोन्यासारखा ठरला. परतीचं विमानाचं तिकीट मी सिंगापूरला उतरल्यावरच काढलं, आणि हे प्रत्येकाला सांगेन.

बंदराच्या फाटकावर पासपोर्ट दाखवायचा, यादीत नाव आहे का ते तपासतात. आत पायी फिरायला सक्त मनाई. उंच पायांची वाहनं कंटेनर पोटाशी धरून धावत असतात आणि चालकाला खालचा माणूस सहज दिसत नाही. त्यामुळे टर्मिनलची गाडी थेट जहाजाच्या शिडीपाशी सोडते. शिडी लांब, हलणारी. एक हात कठड्यावर लागतोच. वर पहाऱ्यावरच्या खलाशाने नाव नोंदवलं, सामान उचललं. पासपोर्ट कप्तानाकडे जमा झाला, तो प्रवास संपेपर्यंत त्याच्याकडेच राहिला.

केबिन प्रशस्त होती. खिडकीसमोर मात्र कंटेनरची भिंत. माल कसा लागेल त्यावर तुमचं दृश्य ठरतं. पहिल्याच दिवशी तिसऱ्या अधिकाऱ्याने आम्हाला सुरक्षेचे धडे दिले. थंड पाण्यात तग धरण्यासाठीचा जाड नारिंगी सूट जमिनीवर पसरून, बसून आधी पाय घालायचे, मग हात, शेवटी टोपी आणि गळ्यापर्यंत चेन. त्याने घड्याळ लावून मला तो पुन्हा घालायला लावला. नंतर जहाजाच्या मागच्या टोकाला, उतारावर लावलेली बंद लाइफबोट दाखवली. ती दोरांनी खाली सोडत नाहीत, थेट समुद्रात घसरत पडते. म्हणून आतल्या खुर्च्या पाठमोऱ्या असतात आणि पट्टे खांद्यावरून आवळावे लागतात. मी त्या खुर्चीत बसून पट्टा लावला तेव्हा या प्रवासाचं गांभीर्य नीट समजलं.

हॅम्बुर्गहून समुद्रापर्यंत एल्ब नदीतून शंभर किलोमीटरहून जास्त जावं लागतं, आणि आमच्यासारख्या मोठ्या जहाजाला भरती सांभाळावी लागते. निघायची वेळ त्यामुळे रात्रीची आली. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, जायला प्रवाशांना परवानगी होती, फक्त पायलट (अवघड वाटेवर जहाजाला मार्ग दाखवायला चढणारा स्थानिक जाणकार) असताना आणि बंदरात शिरताना गप्प उभं राहायचं. मी तासन्‌तास तिथे असायची. दिवस जेवणाच्या घंटेवर चालत. इंटरनेट जवळपास नव्हतंच, आणि पूर्वेकडे जाताना घड्याळ वरचेवर तासभर पुढे करावं लागे.

सुएझसाठी मी रात्रभर जागी राहिले. 1869 मध्ये सुरू झालेल्या या 193 किलोमीटरच्या कालव्यात जहाज वर-खाली करण्यासाठी पाणी अडवणारा एकही दरवाजा नाही. दोन्ही समुद्रांचं पाणी जवळपास एकाच पातळीवर आहे. जहाजं कालव्याच्या उत्तर तोंडाशी, पोर्ट सैदजवळ नांगर टाकून थांबतात आणि मग ठरलेल्या क्रमाने ताफ्यात निघतात. एवढं अजस्र जहाज सायकलच्या वेगाने, दोन्हीकडे वाळू ठेवून चालतं. एकीकडे शेतं आणि मशिदी, दुसरीकडे नुसतं सिनाईचं वाळवंट. वाटेत पायलट बदलतात. सुकाणू धरलेला खलाशी प्रत्येक आज्ञा मोठ्याने परत म्हणतो, आकडा चुकू नये म्हणून. 2021 च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज तिथे आडवं होऊन सहा दिवस अडकलं, तेव्हा ब्रिजवरचे ते ताणलेले चेहरे मला आठवत होते.

लाल समुद्राच्या दक्षिण टोकाला, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीआधी, जहाजाचं रूप बदललं. कठड्यांवर काटेरी तार, पाण्याच्या नळ्या तयार, बाहेरची दारं आतून बंद. चाच्यांचा हल्ला झाला तर सगळ्यांनी कुठे जमायचं, त्या बंदिस्त जागेची तालीम आमच्याकडूनही करून घेतली. डेकवर जायला काही दिवस बंदी होती. कोणी कुरकुर केली नाही.

चीफ इंजिनिअरने एकदा खाली नेलं. कानाला संरक्षण लावून कित्येक मजले उतरायचे. मुख्य इंजिन इमारतीएवढं, आणि मिनिटाला शंभरपेक्षाही कमी फेरे घेतं. तिथल्या उकाड्यात चार-चार तास काम करणारी माणसं वर जेवायला येत तेव्हा किती शांतपणे बसत! त्यातल्या बऱ्याच जणांनी कित्येक महिने घर पाहिलं नव्हतं. आपल्या घरातली जवळपास प्रत्येक वस्तू या लोकांच्या हातून येते, आणि आपण त्यांना ओळखतही नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

सिंगापूरला एजंट जहाजावर आला, कप्तानाने पासपोर्ट परत दिला, इमिग्रेशनचं काम लगेच उरकलं.

2020 मध्ये कोविडमुळे बहुतेक कंपन्यांनी प्रवासी घेणं थांबवलं आणि त्यातल्या थोड्यांनीच ते पुन्हा सुरू केलं. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा हा मार्ग मी घेतला तसा मिळेलच असं नाही. विचारणा करताना आधी मार्ग विचारा, मग तारीख किती मागेपुढे होऊ शकते ते, आणि विम्याची अट लेखी मागा. तिकिटाचं बोलणं त्यानंतर.