तुम्ही विचारलंत म्हणून : गोळ्या फुकट, मग माणूस दगावतो कसा?

क्षयरोगाच्या कार्यक्रमात पर्यवेक्षक होतो. बावीस वर्षं मोटारसायकलवर तालुका पालथा घातला. आता निवृत्त आहे, तरी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "टीबी बरा होतो म्हणता, गोळ्या फुकट देता, मग माणसं मरतात कशी? तुमच्या कार्यक्रमानं मरणं कमी होतात, की नुसती रजिस्टरं भरतात?"

रजिस्टरं भरतातच! पण त्यात नाव चढलं की शेवटी त्यापुढे काहीतरी लिहावंच लागतं : बरा, उपचार सोडले, मृत. कोरं ठेवता येत नाही, म्हणून तर आम्ही दारात जाऊन उभे राहायचो.

नुसत्या औषधानं भागत नाही, हे फार पूर्वीच कळलंय. ब्रिटनमध्ये 1948 साली स्ट्रेप्टोमायसिन या टीबीवरच्या औषधाच्या चाचणीचा निकाल आला. सहा महिन्यांत औषधवाल्या 55 जणांतले 4 गेले, बिनऔषधाच्या 52 जणांतले 14. सगळे हरखले. पुढे जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनात, आणि पाच वर्षांत दोन्हीकडची निम्म्याहून जास्त माणसं गेली. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र, आणि कोर्स पुरे सहा महिन्यांचा. घरी राहून औषध घेतलं तरी सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयात, राहण्याइतकाच गुण येतो, हे 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासानं दाखवलं. त्यामुळे मिरजेला किंवा पाचगणीला खाट मिळेपर्यंत थांबायचं कारण उरलं नाही.

आमच्या काळी नव्या पेशंटसाठी लाल खोका असे. पूर्ण कोर्स त्यात. वर पेशंटचं नाव. तो दुसऱ्याला द्यायचा नाही, म्हणजे मध्येच साठा संपला तरी त्याच्या गोळ्या तुटत नसत. इतकी साधी युक्ती, पण माझ्या मते अर्धा कार्यक्रम त्या खोक्यात होता.

तरी माणसं जायची. एका वस्तीवर तिशीतला एक गडी होता, वजन 31 किलो. चार महिने खोकल्याची बाटली आणि इंजेक्शनं चाललेली. थुंकी तपासायचं कुणाला सुचलं नाही. पाय सुजलेले, भावानं पाठुंगळी घेऊन आणला. मी खोक्यावर नाव घातलं, अकराव्या दिवशी तो गेला. गाव म्हणालं, गोळ्या गरम पडल्या. ते ऐकून आणखी दोघांनी गोळ्या सोडल्या. त्यांची समजूत काढण्यात माझा महिना गेला.

टीबीची बरीचशी मरणं अशी पहिल्या दोन महिन्यांतच होतात. गोळी जंतू मारते, पण तोवर माणूस टिकला पाहिजे ना! तामिळनाडूनं 2022 पासून नेमकं हेच धरलं. निदान झालं की लगेच उंची-वजन, पायाची सूज, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन बघायचा, शिवाय आधाराशिवाय उभं राहता येतं का तेही. यात जो अडकेल त्याला घरी न धाडता दवाखान्यात दाखल करायचं. यंत्रं म्हणाल तर वजनकाटा आणि बोटाला लावायचा चिमटा. आमच्याकडे काटा होता, पण त्यावरचा आकडा मी फक्त कार्डावर उतरवून घेत होतो.

अन्नाचंही तेच. झारखंडमध्ये पेशंटला दरमहा शिधा देऊन पाहिलं. 2023 साली आकडे आले : पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी. सरकार 2018 पासून पोषणासाठी महिना 500 रुपये देतंय, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000. खात्यात वेळेवर पडले तर उपयोग, हे माझं पदरचं.

त्या गड्याचा भाऊ पुढच्या वर्षी स्वतःच आला, तिसऱ्या आठवड्यातल्या खोकल्यावर, हातात थुंकीची डबी घेऊन. वजन 46. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली म्हणून घाबरून फोन केला. म्हटलं, गोळी पोटात गेल्याची ती खूण, घाबरू नका. आता टेम्पो चालवतो. माझं सामान असलं की भाडं घेत नाही.