होडीतल्या पेट्रोलची वाट

देवबागच्या खाडीत गेल्या हंगामात आमची फायबरची होडी दर दहा-बारा मिनिटांनी मान टाकू लागली. पंचवीस अश्वशक्तीचे जुने फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर लटकणारे) इंजिन आधी धाप लागल्यासारखे करी, मग बंद पडे आणि थोडा वेळ थांबले की निमूट पुन्हा चालू होई. मेकॅनिकने कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला, तरी दुखणे हलले नाही. अखेर टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवरचा प्रायमर बल्ब, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा, वाळलेल्या लिंबासारखा चेपलेला दिसला. टाकीचे झाकण सैल करताच हवा सुस्कारत आत शिरली. टाकी जीपमधून आणताना वास येऊ नये म्हणून झाकणावरचा हवेचा स्क्रू मीच आवळला होता आणि नंतर तो उघडायला विसरलो होतो. जेवढे पेट्रोल बाहेर ओढले जाते तेवढी हवा टाकीत यावी लागते; ती फक्त झाकणाच्या वायसरातून झिरपत होती.

तेव्हापासून मी बल्बची भाषा शिकलो. तो चेपला तर अडथळा टाकीच्या बाजूला असतो. कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर नळीत कुठेतरी हवा शिरते आहे किंवा बल्बमधली झडप गेली आहे. त्यावरचा बाण इंजिनाकडेच हवा.

दुसरा त्रास पाण्याचा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर बहुतेक आउटबोर्ड १० टक्क्यांच्याच हिशेबाने बनवलेली आहेत. इथेनॉल पाणी शोषते, आणि मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी, नेमका शोषनळीच्या तोंडाशी, जाऊन बसतो. म्हणून मी पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला असून त्याच्या तळातले पेट्रोल अधूनमधून काचेच्या बाटलीत काढून पाहतो. थर फुटलेला दिसला, तर त्यात ताजे पेट्रोल ओतून काही साधत नाही. ते सगळे काढूनच टाकावे लागते. जुन्या नळ्याही इथेनॉलने आतून मऊ पडतात. कोरड्या फडक्याने नळी पुसून फडके हुंगावे; वास आला तर नळी बदलावी, पण बागेच्या नळीचा तुकडा जोडण्याचा मोह आवरावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे ती वर उडून न जाता होडीच्या तळात साचते, आणि एका ठिणगीची वाट पाहते. त्यामुळे सुटी टाकी मी नेहमी धक्क्यावर उतरवूनच भरतो, नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेले ठेवतो आणि फुगायला जागा राहावी म्हणून ती काठोकाठ भरत नाही. ज्यांचे पेट्रोल इंजिन होडीच्या आत बंदिस्त असते, त्यांनी तिथली हवा बाहेर फेकणारा पंखा किमान चार मिनिटे चालवून, तळाशी वास नाही याची खात्री करूनच स्टार्टर मारावा. तिथे मोटारीचा स्वस्त स्टार्टर किंवा अल्टरनेटर मुळीच बसवू नये, कारण त्याची ठिणगी झाकलेली नसते.

पावसाळ्यापूर्वी होडी ओढून घेतली की इंजिनाला गोड्या पाण्याची नळी लावतो, पेट्रोलची नळी सोडवतो आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे त्याच्या बारीक छिद्रांत (जेटमध्ये) चिकटा धरत नाही. इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र हा प्रकार करू नये. टाकीत उरलेले पेट्रोल स्वच्छ असेल, तर ते माझ्या मोटारसायकलीत जाते.