एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

मामा गेल्याला सहा महिने झाले आणि मामीने शेडची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "गाडी तुझ्या नावाने लिहून ठेवलीय त्याने. काय करायचं ते कर, पण लवकर कर. मला ती जागा कपडे वाळत घालायला हवीय." मामी अशीच बोलते. किल्ली मात्र तिने लगेच सोडली नाही.

गाडी म्हणजे शेव्हर्ले ३१००. अर्ध्या टनाची पिकअप, पुढे तिघांना पुरेल असं एक सलग सीट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. कागदावरचं साल पुसलं गेलंय, पण दारांवरून ते कळतं. या घडणीच्या गाड्या १९४७ पासून निघू लागल्या. दाराला पुढे उघडणारी छोटी तिकोनी काच १९५१ साली आली, आणि बटण दाबून उघडायचं हँडल १९५२ साली. आमच्या दाराला तिकोनी काच आहे आणि हँडल खाली फिरवायचं आहे. म्हणजे १९५१. (मधे कुणी दारं बदलली असतील तर हा हिशेब फसतो. दोन्ही दारं एकाच सुरात कुरकुरतात, एवढ्या पुराव्यावर मी ती मूळची धरली.)

मामाचे गुडघे गेल्यापासून आठ वर्षं ती जागची हललेली नव्हती.

पहिल्याच रविवारी दादा आला तो मोबाइलमध्ये फोटो घेऊन. एकापेक्षा एक चकाचक गाड्या. "पार चासीपर्यंत, खालच्या सांगाड्यापर्यंत सोलायची. पत्रा साफ करून नवा रंग, नवं क्रोम, नवं सीट. मग बघ."

"आणि पैसे?"

"विकशील तेव्हा दुप्पट येतील."

इथेच आमचं बिनसलं. मी गेले महिनाभर हेच वाचत होते. अशा गाडीत सुटे भाग एकवेळ परवडतात. पैसा खातात ते माणसांचे तास: गंजलेला पत्रा कापणं, नवा वळवून वेल्ड करणं, खड्ड्यांत लांबी (म्हणजे पुट्टी) भरणं, घासणं, पुन्हा भरणं. सगळी मजुरी देऊन काम करून घेतलं तर विक्रीतून ती भरून निघणं दुर्मीळच. स्वतःच्या हाताने करणाऱ्याला जमतं, कारण तो आपले तास मोजत नाही. आणि सगळ्यांत कमी किंमत कशाला येते? उत्साहाने सोलून अर्ध्यात सोडलेल्या गाडीला. भाग खोक्यांत, खोक्यांवर चिठ्ठ्या नाहीत, बोल्ट कशाचे ते सोलणाऱ्यालाही आठवत नाही. तशीच मोडक्या अवस्थेत उभी असलेली गाडी त्यापेक्षा बरी.

मी एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळला आणि सगळ्या पत्र्यावरून फिरवला. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर. या गाड्या कुठे सडतात ते ठरलेलं असतं: दारामागचे केबिनचे खालचे कोपरे, चढायची पायरी, पायाखालचा पत्रा. आमचा उजवा कोपरा चुंबकाने साफ नाकारला. डावा बरा निघाला. पायाखाली रबरी मॅट उचलली तर जमीन दिसली. चासीला मात्र हातोडीने टकटक केलं तर घंटेसारखा आवाज आला, आणि मी त्या दिवसापुरती खूश झाले. पत्रा बदलता येतो, चासी कुजली तर गोष्ट संपलीच.

मग इंजिन. सहा सिलिंडर एका रांगेत, २१६ घनइंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. थांबलेलं जुनं इंजिन थेट सेल्फ मारून सुरू करायचं नसतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असल्या तर मोडतात. प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं तेल ओतलं, आठवडाभर तसंच ठेवलं, मग पान्याने हळूहळू हाताने फिरवलं. फिरलं! एका ओळखीच्या मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजलं. पाच सिलिंडर शंभर पाउंडांच्या आसपास, चौथा सत्तर. त्यांनी चौथ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं तर नव्वदच्या वर गेला. "रिंगा, ताई. तेलाने फट बुजली म्हणून चढला. व्हॉल्व्ह असता तर सत्तरच राहिला असता." ही युक्ती मला फार आवडली. चमचाभर तेलात निदान.

या इंजिनाची एक खासियत मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवली. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगांना दाबाने तेल पोचत नाही. रॉड फिरताना खालच्या पन्हळीतून तेल उचलून घेतात. शिवाय त्यात बेअरिंगचा मऊ धातू, व्हाइट मेटल, वितळवून थेट रॉडमध्ये ओतलेला, दुकानातून बेअरिंगच्या तयार वाट्या आणून बसवल्या असं होत नाही. तो ओतणारी माणसं आता थोडी. म्हणून मीटरवर तेलाचा दाब कमी दिसला तरी घाबरायचं नाही, पण खालून ठोके ऐकू आले तर मात्र घाबरायचं.

तेव्हा आम्ही एवढंच ठरवलं: जे पुन्हा उलटं करता येतं तेच करायचं. रंगाला हात नाही, पत्र्याला हात नाही. आठ वर्षांत पेट्रोलची राळ झाली होती, ती टाकीतून खरवडली. (टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनमध्येच असते. मामा गाडीत कुणाला सिगारेट ओढू देत नसे ते उगाच नव्हे.) ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर, होज, मास्टर सिलिंडर, सगळं नवं. इथे काटकसर करायची नाही: या काळातल्या ब्रेकला एकच सर्किट असतं, एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. बॅटरी सहा व्होल्टची आहे. सगळे म्हणाले बारा करून टाक. मी जाड केबल टाकल्या. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, आणि बारीक केबलमधून तो जाताना अर्धा जीव तिथेच सोडतो.

सेल्फ पायाने दाबायचा असतो. मिस्त्रींनी दाबला. इंजिन खोकलं, कार्बोरेटरमधून ठो करून आग फेकली आणि बंद. पुन्हा तेच. ते टायमिंग बघायला वाकले आणि मी, का कोण जाणे, प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवरच्या वायरी बोटाने मोजायला लागले.

मी सात-आठ वर्षांची असताना मामा मला बोनेटच्या कडेवर बसवायचा आणि पाढ्यासारखं म्हणून घ्यायचा: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. ठिणगीचा क्रम. मला अर्थ कळत नव्हता, चाल पाठ होती. शाळेत मी बाराचा पाढा चुकायचे, हे कधी चुकले नाही. आता बोट तीनवरून पुढच्या वायरीवर गेलं तर ती दोन नंबरच्या प्लगला गेलेली.

"तीननंतर सहा," मी म्हटलं.

मिस्त्रींनी बघितलं, दोन वायरींची अदलाबदल केली, काही बोलले नाहीत. तिसऱ्या दाबाला इंजिन लागलं ते लागलंच. मामी दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली.

दादा आता अजूनच पेटला. "चालतेय म्हटल्यावर तर रिस्टोअर करायलाच हवी." तेव्हा मी त्याला हॉर्नचं बटण दाखवलं. मूळचं मोडल्यावर मामाने तिथे दारावरच्या घंटीचं बटण बसवलंय. डाव्या काचेला लाकडाची पाचर आहे. फाळक्याची साखळी कधीच्या कुठल्या सायकलची. चासीपर्यंत सोलायची म्हणजे पहिल्या दिवशी काय कचऱ्यात जाणार? हेच. उरेल ती हजारो गाड्यांसारखी एक छान हिरवी गाडी.

"मग ठेव तशीच," दादा म्हणाला. म्हणाला म्हणजे, हरला.

मीही तसंच ठरवलं होतं. तीन आठवडे चालवली. पहिल्या गिअरला सिंक्रो (दात जुळवून घेणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला तर कडकडाट. स्टिअरिंग असं की वळणावर खांदे भरून येतात. सत्तरच्या वर ती स्वतःच नाराजी कळवते. हे सगळं लोक कौतुकाने सांगतात, आणि मलाही सांगता आलं असतं. पण तिसऱ्या रविवारी घरी येऊन गाडी बंद केली तेव्हा कबूल करावं लागलं: मला मजा येत नव्हती. लहानपणी मी कधीच चालवण्याची स्वप्नं बघितली नव्हती. मी मधे बसायचे, मामा आणि मामीच्या मधे, आणि डोक्यावरून त्यांचं भांडण चालू असायचं. माझी जागा ती होती. स्टिअरिंगमागे बसून ती मिळत नाही, हे कळायला मला ब्रेकचे चार सिलिंडर बदलावे लागले.

आणि उभी ठेवली तर आठ वर्षांनी पुन्हा हीच राळ, हाच गंज. हिला दर आठवड्याला फिरवणारं माणूस हवं. ते मी नाही.

जाहिरात तीनदा लिहिली. पहिल्यांदा मामाबद्दलच लिहून बसले, खोडलं. शेवटी दोषच लिहिले: उजवा कोपरा लांबीवर उभा आहे, पायाखालचा पत्रा संपलाय, चौथ्या सिलिंडरच्या रिंगा गेल्यात, हॉर्न घंटीच्या बटणावर चालतो. चासी सरळ, इंजिन मूळचं, कागद नावावर करून घेतलेले. इतके दोष वाचूनही पाच जणांचे फोन आले. चौघांनी रंग कोणता ते विचारलं. पाचवीने विचारलं, तेलाचा दाब गरम झाल्यावर किती असतो. तिला शनिवारी बोलावलंय.

मामीला सांगितलं तर म्हणाली, "जायच्या आधी एक चक्कर मारायची मला. कपडे काय, वाळतील."

शुक्रवारी संध्याकाळी जायचंय. दादा चालवणार, मामी खिडकीशी. गिअरचा दांडा स्टिअरिंगवर असल्याने मधे बसणाऱ्याचे गुडघे मोकळे राहतात.