त्यांच्या सात बादल्या, आमच्या तीन

शनिवारी पिट्सबर्गहून दीड तास गाडी चालवून फॉलिंगवॉटरला जाऊन आले. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन आर्किटेक्टने डिझाइन केलेलं ते धबधब्यावरचं घर, फोटोत सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. मला झटका बसला तो गाइडच्या एका वाक्याने. म्हणाली, मालक कॉफमन या घराला 'सात बादल्यांची इमारत' म्हणायचे. गळायचं म्हणून! आणि सगळे कौतुकाने हसले.

मला काही हसू येईना. आमच्या डोंबिवलीच्या टॉप फ्लोअरला जून ते सप्टेंबर तीन बादल्या आणि एक पातेलं मांडलेलं असतं, भिंतीला पोपडे, कपाटात ओल, आणि त्यावरून बिल्डरला, सोसायटीला, जमलं तर अख्ख्या देशाला शिव्या घालतच आपण मोठे झालो ना? इथे गळलं तर २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. बरं, गळणं राहू द्या, पुढे आलेले गच्चीचे स्लॅब सात इंच खाली झुकले होते. कॉफमननी इंजिनिअरकडून जास्तीचं लोखंड घालून घेतलं तर राइटसाहेब रागावले, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. शेवटी २००२ मध्ये आतून पोलादी केबल ताणून ते झुकणं थांबवलं.

पण खरं सांगू का, आत गेल्यावर भांडण विसरले. ज्या खडकावर बसून ते कुटुंब ऊन खायचं तोच खडक हॉलच्या जमिनीतून वर आलाय, शेकोटीसमोर, तासलेला नाही की काही नाही. हॉलमधूनच जिना थेट ओढ्यात उतरतो. कॉफमनना हवा होता खिडकीतून दिसणारा धबधबा, राइटने घरच त्या धबधब्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलं, तेही ६८ व्या वर्षी, लोक हा आता संपला म्हणत असताना. असला माणूस आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं तरी टिकला असता का, कोण जाणे.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "गच्चीला उतार नाही दिला का गं त्याने?"

मी म्हटलं, तुझे वॉटरप्रूफिंगचे पैसे गुरुवारीच पाठवलेत, आले का बघ. दरवर्षी पाठवते मी, एकदाही चुकवलेलं नाही.