इंदूरले जमते, मंग आपल्याले काहून नाही?

इंदूरसारखी स्वच्छता नागपूरला का जमत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं माहेर इंदूरचं, सासर नागपूरचं. त्यामुळे कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की हा प्रश्न येतोच: "काहून हो वहिनी, इंदूरले जमते, मंग आपल्या नागपूरले काहून नाही जमत?"

बऱ्याचदा उत्तरही विचारणारीच देऊन टाकते. तिकडच्या लोकांना शिस्तच आहे म्हणे. हे मला अजिबात पटत नाही, कारण त्या लोकांतच मी वाढले. राजवाड्यामागच्या आमच्या बोळाच्या तोंडाशी कचराकुंडी होती, तिच्याभोवती गाई असायच्या. माझी आईसुद्धा खरकटं, फुटकी बाटली, दाढीचं ब्लेड एकाच बादलीत टाकायची. देशातल्या स्वच्छतेच्या क्रमवारीत 2016 साली इंदूर 25 वं होतं आणि 2017 ला पहिलं आलं. एका वर्षात माणसं बदलत नाहीत.

मग बदललं काय, ते मला आईच्या ओट्यावर बसून कळलं. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की आई डबे घेऊन बाहेर. गाडीला वेगवेगळे खण: ओल्याचा, सुक्याचा, डायपर-पॅडचा, जुने बल्ब आणि मुदत संपलेल्या औषधांचा. एकदा आईच्या ओल्या डब्यात दुधाची पिशवी गेली. गाडीवरच्या पोरानं डबा तसाच परत केला. "माताजी, ये निकाल दो." सत्तरी ओलांडलेल्या आईनं सालींत हात घालून पिशवी काढली, आणि तोवर गाडी थांबून राहिली. ना तो ओरडला, ना ती रागावली. पुन्हा तिच्याकडून ती चूक झाली नाही.

माझ्या मते इंदूर त्या क्षणात आहे. बघायला जाणारी मंडळी इंदूरच्या देवगुराडियाचा कचरा प्रकल्प बघून येतात. तो 2022 साली सुरू झाला. दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे, त्यातून गॅस निघतो आणि त्यावर शहरातल्या बसगाड्या धावतात. प्रकल्प खरोखर मोठा आहे. पण आईनं ती पिशवी काढली नसती, तर आणखी हजारो घरांतल्या पिशव्या त्या यंत्रात गेल्या असत्या आणि ते चाललं नसतं.

आता इथलं. त्रिमूर्तीनगरात मी किती वर्षं दोन डबे ठेवतेय. एका सकाळी माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच ढिगात रिकामे झाले. मी विचारलं, तर गाडीवरचा दादा शांतपणे म्हणाला, "ताई, मी वेगळं ठेवीन, पण पुढे नेऊन एकाच जागी ओता लागते." त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि शेजारणींनी दोन डबे का सोडले, तेही समजलं. पुढे सगळं एकत्रच होणार हे दिसल्यावर कोण रोज साली निवडत बसेल?

पण नागपूरला शिकता येत नाही, असं कुणी म्हटलं की मी भांडते. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं पिण्याचं पाणी वाचतं. हे आपण केलं, त्यात इतर शहरांनी शिकण्यासारखं आहे. आणि उन्हाचं तर आपण चक्क अहमदाबादकडून घेतलं. तिथे 2010 च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1,300 हून जास्त माणसं दगावली. त्यातून 2013 साली त्यांनी उष्माघात टाळण्याचा आराखडा केला. नंतर तसाच आराखडा नागपूरनं केला. त्यात फीत कापण्याजोगी इमारत नाही. पारा कितीवर गेला की कुणी कुणाला कळवायचं, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, एवढंच आहे. डोळ्यांना न दिसणारी ही व्यवस्था आपण उचलली, तर कचऱ्याचीही उचलता येईल.

म्हणून हळदीकुंकवाला मी आता उलट विचारते: एका सकाळी गाडीच्या मागे मागे, आपला डबा शेवटी कुठे रिकामा होतो तिथपर्यंत, माझ्यासोबत कोण येतं? दोघी तयार झाल्या आहेत. आमच्या गल्लीत गाडी सातला येते.