लोणारला मुलांना न्यायचं असेल तर हळद आणि लोहचुंबक घेऊन जा

लोणारच्या विवराचे बरेच लोक वरूनच फोटो काढतात आणि निघतात. मुलं सोबत असतील तर तसं करू नका, खाली उतरा. आमच्यासोबत माझी लेक आणि भावाची दोन पोरं होती.

निघायच्या आधी घरी परातीत मैदा पसरून वरून गोट्या टाकायचा उद्योग झाला होता (ओटा कोणी पुसला ते विचारू नका), त्यामुळे काठावर पोचल्या पोचल्या लेक म्हणाली, बाबा, इथे पण कड वर आलीय! आणि खरंच आलीय, विवर सुमारे १.८ किमी रुंद आणि काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण २० मीटर उंच, अशनी (आकाशातून पडलेला दगड) आदळला तेव्हा उचलला गेलेला आणि उडून पडलेला बसाल्ट, म्हणजे दख्खनचा काळा खडक आहे तो.

गोमुखापासून पायऱ्या उतरून खाली गेलो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद नेले होते. गोमुखाच्या झऱ्याच्या धारेत कागद पिवळाच राहिला, ते गोडं पाणी. तळ्याच्या पाण्यात बुडवला तर लालभडक! तळ्याचा पीएच १० च्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कली (आम्लाच्या उलट), आणि अल्कलीत हळद लाल होते. मग त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा, हे इतक्या वेळा झालं की लिंबं संपली. जून २०२० मध्ये हेच तळं गुलाबी झालं होतं पण त्याचं कारण वेगळं, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

खरी मजा चुंबकाची. मातीत फिरवला तर काळ्या मिशाच फुटल्या त्याला. तिथे एक जण सांगत होता की हे उल्केतलं लोखंड. पोरं जाम खूश. पण धाकट्याने संध्याकाळी लॉजच्या अंगणात चुंबक फिरवला आणि तिथेही तेच! मग त्याला सांगितलं की दख्खनच्या काळ्या खडकातच मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज असतं, त्यामुळे नुसतं चुंबकाला चिकटलं म्हणजे ते आकाशातून आलं असं होत नाही. मग पुरावा काय, हा प्रश्न आलाच. तर अशनीच्या धडकेच्या प्रचंड दाबाने खडकातल्या खनिजाची झालेली काच, मास्केलिनाइट, ती इथे संशोधकांना १९७० च्या दशकात सापडली.

ती ओळखायला मायक्रोस्कोप लागतो हे मी उगाच बोललो, कारण जालना येईपर्यंत गाडीत दुसरा विषयच नव्हता.