व्हरांड्यातला बाक

एप्रिल २०२० मध्ये कोविडपायी पुण्यात कसबा पेठेत आमच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले, आणि त्याच सुमारास मी इकडे कोपनहेगनमध्ये लेकीचं दप्तर भरत होते. डेन्मार्कनं ११ मार्चला शाळा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १५ एप्रिलला पाळणाघरं, बालवाड्या आणि पाचवीपर्यंतचे वर्ग उघडलेसुद्धा. युरोपात सगळ्यांत आधी. सहावीपासूनची मुलं १८ मेपर्यंत घरी. हिशेब साधा होता: मोठं मूल घरी एकटं राहू शकतं, लहान मूल घरी असलं की आई किंवा बाप कामाला मुकतो. आपल्याकडे पुढे नेमकं उलटं झालं.

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्पच बसली. मग म्हणाली, "एक वर्ष घरी बसली पोरगी तर काय आभाळ कोसळणार आहे गं?" मला तरी वेगळं कुठे वाटत होतं? इथल्या आईबापांचीही तीच गत. हजारो पालकांनी फेसबुकवर एक गट काढला होता, त्याचं नावच मुळी 'माझं मूल कोविडसाठी प्रयोगाचा ससा होणार नाही' अशा अर्थाचं. आपण गिनिपिग म्हणतो, हे लोक ससा म्हणतात. मीही त्या गटात होते. रात्री तिथले संताप वाचायचे, आणि सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये लेक मांडीवर येऊन बसली की वाटायचं, जाऊ दे बाई एकदाची शाळेत.

आमच्या शाळेनं तयारीला थोडे दिवस जास्त मागून घेतले आणि २० तारखेला दार उघडलं. लेक तेव्हा शून्यावीत होती. (इथे पहिलीच्या आधी शून्यावी असते, आणि कुणालाही त्यात गंमत वाटत नाही.) आईबापांना फाटकाच्या आत यायला बंदी. प्रत्येक वर्गाला वेगळं फाटक, वेगळी वेळ. एरवी मुलांना पोटाशी धरणारी तिची बाई दोन मीटरवर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. वर्गाचे दोन भाग केलेले, बाकांमध्ये दोन मीटर, खेळायला ठरलेली चार-पाच मुलंच. कापडी अस्वलं, बाहुल्या, उशा सगळं पिशव्यांत भरून कपाटात. आल्याआल्या हात धुवायचे आणि मग दर दोन तासांनी पुन्हा. आठवड्याभरात लेकीच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. दप्तरात क्रीमची ट्यूब ठेवायला लागले. मास्क मात्र कुणालाच नाही, हे पुण्यात कुणाला खरंच वाटेना.

आणि निम्मा दिवस बाहेर. उघड्यावर शाळा भरवणं या लोकांना जुनंच आहे, त्यामुळे पोरांना थंडी वाजेल वगैरे चर्चा नाही. काटक्या गोळा करून बेरीज, खडूनं जमिनीवर अक्षरं, डबा झाडाखाली. त्या वर्षी एप्रिलही नशिबानं कोरडा आणि उन्हाचा होता. लेक घरी येऊन म्हणाली, "आज आम्ही वर्गात गेलोच नाही." मला चिंता, तिला पार्टी.

शाळा उघडल्यावर काही आकाश फाटलं नाही. रुग्ण वाढतील वाढतील म्हणत होते, तसं काही दिसलं नाही. मे महिन्यात अंतर दोन मीटरवरून एक मीटरवर आलं. मी त्या गटातून गुपचूप बाहेर पडले. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात लहान वर्गही पुन्हा बंद झाले आणि ८ फेब्रुवारी २०२१ ला शून्यावी ते चौथी परत सुरू झाली, तेव्हा मात्र गोष्ट वेगळी होती: बाहेर बर्फ. जूनच्या पोरांसारखं फेब्रुवारीच्या पोरांना झाडाखाली बसवता येत नाही. इथल्या इमारती थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेल्या, खिडक्या रबर लावून घट्ट. तोवर हा विषाणू हवेतून पसरतो हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि त्या घट्ट खिडक्याच आता अडचण झाल्या. मग तास संपला की खिडक्या उघडायच्या, पोरं जॅकेट घालून कुडकुडत वाचणार, भिंतीवर कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर. आकडा हजाराच्या वर गेला की पोरंच ओरडायची, खिडकी, खिडकी!

इकडे हे चाललेलं आणि माझी ताई पुण्यात दुसरीच्या वर्गाला फोनवरून शिकवत होती. ताई पेठेतल्या एका जुन्या मराठी शाळेत आहे. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे सरकारचं ब्रीद होतं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, ते चांगलं होतं असं ती म्हणते. पण वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत एकच फोन, आणि तो बापाच्या खिशात. बाप रात्री आठला घरी आला की पोरगं गृहपाठाचा फोटो पाठवणार. ताई रात्री दहाला वह्या तपासायची, मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी अक्षर मोठं करून. आपल्याकडे आधी नववी ते बारावी उघडली, पुण्यात ४ जानेवारी २०२१ ला, मग पाचवी ते आठवी, मग पुन्हा सगळं बंद, मग दुसरी लाट. पहिली ते चौथीचं नाव काढायला कुणी धजेना.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून लेकीला घेऊन मी पुण्याला आले. आठवड्याभरातच ओमिक्रॉन हे कोविडच्या नव्या अवताराचं नाव ऐकू आलं. राज्यानं पहिलीपासूनच्या शाळा १ डिसेंबरला उघडायचं ठरवलं होतं, पण ओमिक्रॉनच्या धास्तीनं पुणे महापालिकेनं तारीख पुढे ढकलली. शेवटी १६ डिसेंबर. गंमत बघा: आदल्याच दिवशी, १५ डिसेंबरला, डेन्मार्कनं ओमिक्रॉनपायी शाळा बंद केल्या. तिकडे वर्ग पुन्हा पडद्यावर गेला आणि आमची लेक कसब्यात आजीच्या ओट्यावर बसून डॅनिश तास करत होती.

मी सामानातून तसलाच एक मीटर आणला होता. पाचशे क्रोनर, म्हणजे साडेपाच-सहा हजार रुपये, त्यामुळे आईला सांगितलं नव्हतं. उघडायच्या आधी तीन दिवस ताईबरोबर शाळेत गेले. मोठ्या बाई जिन्यात चुन्याचे गोल आखून घेत होत्या, सॅनिटायझरचे कॅन मोजत होत्या. त्यांचा बेत असा, की लहान मुलांना सगळ्यांत चांगली खोली द्यायची. चांगली म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी देणगीतून करून दिलेला डिजिटल वर्ग: फरशी चकाचक, सरकत्या काचेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, एसी. धूळ नाही, रस्त्याचा आवाज नाही. मी म्हटलं, बाई, आधी बघू या का? आम्ही सहा-सात बायका त्या खोलीत एसी लावून चहा घेत बसलो. अर्ध्या तासात आकडा बाराशेच्या वर. माणसाच्या सोडलेल्या श्वासात साधारण चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि बाहेरच्या हवेत दहा हजारांत चारच भाग. त्यामुळे आकडा चढला की समजायचं, आपण एकमेकींचाच श्वास परत घेतोय.

मग ताईच्या जुन्या वर्गात गेलो. लाकडी छत चौदा-पंधरा फूट उंच, दोन्ही भिंतींना गजांच्या खिडक्या, छताला लागून झरोके, बाहेर लांबच्या लांब व्हरांडा. गळकी कौलं, पोपडे, पंखा करकरतो. तिथे तेवढ्याच बायका तेवढाच वेळ बसलो, मीटर ४७० वरून हलेना. मोठ्या बाईंनी मीटर हातात घेऊन उलटा करून बघितला. "बिघडलाय का हो?"

कोपनहेगनमध्ये ज्या हवेसाठी पोरांना कुडकुडवलं, ती कसब्यातल्या शाळेत बांधणाऱ्यांनी कधीच देऊन ठेवली होती. पहिली-दुसरी जुन्या वर्गांत आणि चमकदार खोलीला कुलूप, असं ठरलं. देणगीदारांना काय सांगायचं हा मोठ्या बाईंचा प्रश्न होता, तो त्यांनी कसा सोडवला मी विचारलं नाही.

१६ तारखेला फाटकाबाहेर संमतीपत्रं हातात घेऊन पालक उभे. निम्मी मुलं आज, निम्मी उद्या. एका बाकावर एक. कपाळावर थर्मामीटर, हातावर सॅनिटायझर, मास्क नाकावर. सगळं शिस्तीत चाललेलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून रिक्षा आली. तीत आठ पोरं. रिक्षावाल्या काकांच्या शेजारी दोन, मागच्या सीटवर चार, समोरच्या लाकडी फळीवर दोन. एकमेकांच्या मांडीवर दप्तरं. तिथून उतरून ती दोन हातांवर आखलेल्या चुन्याच्या गोलांत एकेकटी उभी राहिली. काकांना बोलायची कुणाची छाती होईना. पावणेदोन वर्षं त्यांची रिक्षा उभी होती. ताई एवढंच म्हणाली, "काका, पडदे तेवढे वर बांधा."

दुसरीतल्या त्या पोरांनी शाळा पाहिलीच नव्हती. पहिलीही घरी झाली होती. एक मुलगा ताईकडे वर मान करून बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही एवढ्या उंच आहात?" एका मुलीला फळ्यावरचं वाचायला उभं केलं तर तिनं आधी विचारलं, "बाई, आवाज येतोय का?" कुणी हसलं नाही, सगळ्यांना तो प्रश्न रास्तच वाटला. पेन्सिल मात्र मुठीत. माझी लेक त्याच वयाची, त्याच इयत्तेत. ताईनं शिवणाच्या डब्यातून रबरबँड काढले आणि एकेकाच्या बोटांना पेन्सिल बांधून दिली. तो तास तेवढाच झाला.

चौथ्या दिवशी एक पोरगं शिंकत आलं. नाक वाहतंय, ताप नाही. नियम स्पष्ट: घरी पाठवा. मोठ्या बाईंनी फोन लावला, आई वीस मिनिटांनी धापा टाकत आली. चार घरी धुणीभांडी करते. म्हणाली, "बाई, दोन घरं राहिलीत. आज गेले नाही तर खाडा धरतील. सर्दी तर आहे, बसू दे की कोपऱ्यात."

इथे मी डेन्मार्कचा किस्सा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिकडे लेकीचं नाक वाहिलं की मी सकाळी साहेबाला दोन ओळी लिहिते आणि घरी बसते. मूल आजारी पडल्याचा पहिला दिवस भरपगारी रजा, हे तिथे बहुतेक कामगार करारांतच लिहिलेलं असतं. त्याला नावही आहे: मुलाच्या आजाराचा पहिला दिवस. एप्रिल २०२० मध्ये मी फाटकं, मीटर, साबण सगळं लिहून ताईला पाठवलं होतं. ही रजा लिहायची राहिलीच. ती मला नियमांत धरावीशीच वाटली नव्हती. आजारी मूल वर्गात येणार नाही, या एका गोष्टीवर तिथल्या शाळेचा बाकी सगळा डोलारा उभा होता, आणि ती गोष्ट शाळेच्या हातात नव्हतीच.

ताईनं शिपाई मावशींना हाक मारली. व्हरांड्याच्या टोकाला, जिथे वारा असतो, तिथे एक जुना बाक ओढून ठेवला. पोराला पाटी दिली, मावशी चार हातांवर तांदूळ निवडत बसल्या. कोरडा शिधा वाटायचा होता. आई दोन घरं उरकून साडेअकराला आली. नियमात हे बसत नाही. मोठ्या बाईंनी बघितलं आणि ऑफिसात निघून गेल्या.

संध्याकाळी घरी माझ्या आईला विचारलं, "आपल्या कामाच्या मावशींना सुट्ट्या किती देतेस?"

"महिन्याला दोन. वर झाल्या तर कापते. सगळेच कापतात."

"आणि पोरगं आजारी असलं तर?"

"अगं, मला काय माहीत, खरंच आजारी आहे का ते?" मग थोडं थांबून म्हणाली, "तुला कुणी शिकवलं हे, शाळेत जायला लागल्यापासून?" बाबा गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून पेपर वाचत होते, ते पेपरातच राहिले. त्या महिन्याचा मावशींचा पगार मी दिला, पूर्ण. पुढच्या महिन्याचं माहीत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परत निघालो आणि पुण्यातल्या शाळा पुन्हा बंद झाल्या. रबरबँड बांधलेल्या बोटांना जेमतेम तीन आठवडे मिळाले होते. मीटर मी ताईकडेच ठेवला.

१ फेब्रुवारी २०२२ ला डेन्मार्कनं जवळजवळ सगळे निर्बंध उठवले. त्याच दिवशी पुण्यात पहिली ते आठवीचे वर्ग चार-चार तासांसाठी परत उघडले. इथे सकाळी अंधारात, लेकीच्या बुटांची नाडी बांधताना, ताईचा मेसेज आला. गजांच्या खिडकीत ठेवलेल्या मीटरचा फोटो, खाली एक ओळ: "५१०. बाकावर आज दोघं."